कॅमेऱ्याच्या जरा डावीकडे

बार्शी मागे टाकून एसटी परंड्याच्या रस्त्याला लागली आणि थोडं अंतर जाते न जाते तोच कचकन थांबली. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला, तिसऱ्यांदा चांगलाच लांबवला. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून पाहिलं, आणि त्याचा हात हॉर्नवरून आपोआप खाली आला.

रस्त्याच्या मधोमध एक काळी शेळी आडवी पडली होती. एक म्हातारी शेळीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि बाह्या दुमडलेला एक तरुण शेळीच्या मागच्या बाजूला गुडघे टेकून काहीतरी करत होता. त्याची मोटारसायकल कडेच्या करडईत कलंडली होती.

शिवप्रिया बसमधून खाली उतरली. उतरता उतरता तिचा हात फोनकडे गेला. सवयच तशी लागलेली. गेली तीन वर्षं ती पुण्याच्या एका कंपनीतर्फे परदेशात जाऊन व्हिडिओ करत होती. मस्कतला हॉटेलची जाहिरात, व्हिएतनामला भातशेतीचे धडे, आणि आता दोन महिन्यांपूर्वी केनियात, तिथल्या शेळीपालकांना शिकवणाऱ्या फिल्म. सुट्टीला कळंबला घरी आली होती आणि आज मावशीकडं परंड्याला निघाली होती.

"ओ मॅडम, शूटिंग नंतर करा," तो तरुण तिच्या हातातला फोन तिरक्या नजरेनं टिपून, मान वर न करता म्हणाला. "आधी ती ओढणी द्या इकडं."

"ही? अहो, ही मस्कतची आहे!"

"मग तर लईच चांगली. कोरडी हाय ना?"

तिनं 'हो' म्हणेपर्यंत ओढणी त्याच्या हातात गेलीसुद्धा.

"पिल्लाचा एक पाय आत दुमडलाय," तो म्हातारीला म्हणाला. "जैनबबी, घट्ट धरा. ही आता ओरडंल… ओरडू द्या."

शेळी ओरडली. त्याचे हात मात्र जराही घाईला आले नाहीत. डोळे अर्धवट मिटून तो नुसत्या बोटांनी आत काहीतरी शोधत होता. अंधारात ओळखीच्या घरातला दिवा चाचपावा, तसं. मग एक ओलं, काळं, निपचित पिल्लू रस्त्यावर आलं. ते हलत नव्हतं. त्यानं ओढणीनं ते खसाखसा पुसलं, गवताची काडी उपटून नाकपुडीत फिरवली, परत पुसलं… आणि पिल्लू शिंकलं!

बसमधल्या बाया टाळ्या वाजवायला लागल्या. जैनबबीनं दोन्ही हात वर करून अल्लाचे आभार मानले. त्यानं आता कुठं मान वर केली, शिवप्रियाकडं पाहिलं, आणि मग हातातल्या ओढणीच्या चिखलगोळ्याकडं पाहून त्याचा चेहरा असा काही पडला, की तिला हसूच आलं.

"धुऊन देतो," तो पुटपुटला.

"राहू द्या हो."

"न्हाय, न्हाय… देतो."

तो आला. दुसऱ्या दिवशी सकाळी, मावशीच्या दारात, वर्तमानपत्रात गुंडाळलेली ओढणी घेऊन.

"डाग गेला न्हाय," अपराध्यासारखा तो म्हणाला. "तीनदा धुतली."

"नाव काय तुमचं?" तिनं माहीत असूनही विचारलं.

"रणधीर."

जनावरांच्या डॉक्टरकीची पदविका घेऊन तो परंड्याच्या बाहेर चाळीस शेळ्या सांभाळत होता. पंचक्रोशीत कुणाच्या शेळीचं काही अडलं की त्यालाच हाक जायची. हे सगळं मावशीनं आधीच सांगून टाकलं होतं, शिवप्रियानं न विचारता… बरं, थोडंसं विचारल्यावर.

"रणधीर, माझं एक काम कराल?" ती म्हणाली. "ओढणीची भरपाई समजा."

तिनं त्याला केनियातली फिल्म दाखवली. फिल्म करून घेणाऱ्या संस्थेनं ती परत पाठवली होती. चूक शिवप्रियाचीच होती. तिनं दिसायला देखणा, बोलायला चुरचुरीत असा नट निवडला होता. पण तो शेळीला प्रवासाची बॅग धरावी तसं धरायचा, आणि शेळी प्रत्येक दृश्यात त्याच्यापासून लांब पळायची. 'शेळीला जे कळतं, ते शेतकऱ्यालाही कळतं,' असं संस्थेनं लिहिलं होतं. तिला ते फार लागलं होतं.

"मला तुमच्यासारखा माणूस हवाय. इथं नमुना म्हणून चार धडे करू. आवाज नंतर त्यांच्या भाषेत घालता येतो."

"मी? कॅमेऱ्यापुढं?" तो दोन पावलं मागं सरकला. "मॅडम, माझ्या बहिणीच्या लग्नाच्या अल्बममध्येबी मी न्हाय. फोटोवाला आला की मी मंडपाच्या मागं."

"नाव रणधीर आणि—"

"नाव आजोबांनी ठेवलंय. माझा काय दोष?"

पण तो तयार झाला. जैनबबीच्या अंगणात, कडुनिंबाखाली, थंडीतल्या कोवळ्या उन्हात पहिला धडा सुरू झाला आणि लगेच बंद पडला. कॅमेऱ्याचा तांबडा दिवा लागला की रणधीरची जीभ टाळूला चिकटायची. 'नमस्कार'च्या पुढं गाडी जाईना. तिकडं जैनबबी पदराआड तोंड लपवून हसत होती.

सातव्यांदा शिवप्रिया म्हणाली, "असं करा. कॅमेऱ्याकडं बघूच नका. मी इथं बाजूला, जरा डावीकडं बसते. मी विचारते, तुम्ही मला सांगा. माझ्याकडं बघून."

त्यानं मान खाजवली.

"ते तर जास्त अवघड हाय…"

कॅमेऱ्यामागं तिचे कान तापले. तिनं उगाच भिंगावरची धूळ पुसली, जी नव्हतीच.

पण तसंच जमलं. ती विचारत गेली, तो सांगत गेला. पिल्लू जन्मलं की तासाभराच्या आत त्याला चीक का पाजायचा, खुरं कशी कापायची, शेळी व्यायला आली हे कशावरून ओळखायचं. शेळ्या आपणहून त्याच्या मांडीशी येऊन उभ्या राहायच्या. दुपारी त्याची आई मथुराबाई फडक्यात बांधून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पाठवायची. चार माणसांची भाकरी, तिघांसाठी.

तिसऱ्या दिवशी डोळ्यांचा धडा होता.

"खालची पापणी अशी हलकी ओढायची," रणधीर शेळीचा डोळा उघडत म्हणाला. "आतला रंग गुलाबी असला की जनावर ठणठणीत. पांढरट पडला की समजायचं, पोटात जंत झाल्यात. जनावर बोलत न्हाय, पण रंग लपत न्हाय."

"आणि माणसाचं?" शिवप्रियानं सहज विचारलं. सहज म्हणजे… अगदीच सहज नाही.

त्यानं तिच्याकडं पाहिलं. जरा जास्त वेळ.

"माणसाचं गालावर दिसतं, मॅडम. आत्ता दिसतंय तसं."

"कट!" शिवप्रिया एकदम ओरडली. शेळी दचकली. जैनबबी म्हणाली, "या अल्ला, काय झालं बेटी?"

"काही नाही… बॅटरी संपली," शिवप्रिया म्हणाली. बॅटरी भरलेली होती.

पुण्याला गेल्यावर तिनं ते धडे जोडले. कंपनीचे प्रमुख गौरीशंकर सर तिच्या मागं उभे राहून बघत होते. दोन धडे झाले, तिसरा झाला, आणि ते हसून म्हणाले, "उत्तम आहे हं. पण हा माणूस बघतोय कुणाकडे इतका? मलाच लाजल्यासारखं झालं."

शिवप्रियानं पुढचा धडा लावला. पण त्या दिवशी काम संपल्यावर तिनं सगळे धडे परत पाहिले, आवाज बंद करून. प्रत्येक दृश्यात तो कॅमेऱ्याच्या जरा डावीकडं बघत होता. तिथं बसलेली असताना तिला वाटलं होतं, तो चीक आणि खुरांबद्दल बोलतोय.

आठवड्याभरात केनियाहून उत्तर आलं. धडे फार आवडले होते. याच माणसाला सहा आठवडे इकडं पाठवा, आमच्या शेळ्या, आमची माणसं यांच्यात पूर्ण मालिका करू, खर्च आमचा, असं त्यांनी लिहिलं होतं. त्याच पत्रात शिवप्रियासाठीही काही होतं. दोन वर्षं नैरोबीला राहून तिथलं सगळं व्हिडिओचं काम तिनं सांभाळावं. सोमवारपर्यंत कळवायचं होतं.

ती शुक्रवारीच परंड्याला पोचली. रणधीर गोठ्यात चारा टाकत होता. तिनं एका दमात त्याचं बोलावणं सांगितलं. त्याचा चेहरा आधी उजळला… आणि मग, काहीतरी आठवल्यासारखा, मिटून गेला.

"न्हाय जमायचं मला."

"का?"

"शेळ्या कोण बघंल?"

एवढंच. ती वाट बघत राहिली, पण तो चाऱ्याच्या पेंढ्या सोडत राहिला. मग तिनं दुसरी बातमी सांगितली, दोन वर्षांची. सांगताना तिला वाटत होतं, आता तो वर बघेल, आता काहीतरी म्हणेल.

"चांगलं हाय की," तो पेंढीकडं बघत म्हणाला. "जावा. लई मोठं काम हाय."

"हो. मोठं आहे," ती म्हणाली आणि निघाली. रस्त्याला लागेपर्यंत तिनं डोळ्यांना हात लावला नाही, कोणी बघू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्याआधी ती जैनबबीचा निरोप घ्यायला गेली. रस्त्यावर जन्मलेलं ते पिल्लू आता अंगणभर उड्या मारत होतं. केनियाचं बोलावणं मावशीकडून जैनबबीच्या कानावर आलं होतं. तिनं चहा दिला आणि विचारलं, "मग दोघं कधी निघणार?"

"शूटपुरती मी एकटीच जाणार आहे, अम्मा. ते नाही म्हणाले."

"नाही म्हणाला?" म्हातारीनं कपाळावर हात मारला. "मग फोटो कशाला काढले पोरानं?"

"कसले फोटो?"

"पासपोर्टचे! तू पुण्याला गेलीस, त्याच्या दुसऱ्या दिवशी स्टुडिओत जाऊन काढले. मला दाखवायला आणले होते. 'जैनबबी, बरा दिसतो का?' म्हणला. अर्जबी भरलाय त्यानं. मी म्हणलं, कुठं जायचं रे तुला? तर म्हणतो, 'अजून ठरलं न्हाय. त्या जातील तिकडं जावं लागलं तर…' "

शिवप्रियाच्या हातातला चहा तसाच राहिला. ती पुण्याला गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी… म्हणजे केनियाचं पत्र यायच्या आधी. धड्यांची जोडणीही व्हायच्या आधी!

ती अर्ध्या वाटेपर्यंत चालत गेली, आणि उरलेली वाट जवळजवळ पळत. रणधीर गोठ्याच्या दारात पाण्याची बादली घेऊन उभा होता.

"फोटो दाखवा," ती धापा टाकत म्हणाली.

"कसला…"

"रणधीर, मला सगळं कळलंय. दाखवा."

त्यानं बादली खाली ठेवली. खिशातल्या पाकिटातून एक छोटासा फोटो काढून दिला. पांढऱ्या शर्टाची वरची गुंडी लावलेली, केस पाण्यानं चापून बसवलेले, आणि डोळे थेट भिंगात.

"सरळ बघितलंत की!" तिला हसू आवरेना. "एवढे दिवस माझ्या नाकी नऊ आणलेत, आणि इथं बरं जमलं?"

"समोर तुम्ही नव्हता."

ती हसायची थांबली. ज्वारीवरून गार वारा आला. कुठंतरी एक शेळी खाकरली आणि गप्प झाली.

"मग काल नाही का म्हणालात?"

त्यानं बादली पायानं बाजूला सारली. मग जमिनीकडं बघत म्हणाला, "काल तुम्ही कामाचं बोलावणं आणलंत. मला वाटलं, शेळ्यांचं नाव सांगायचं आणि तुमच्या मागं मागं यायचं… हे खोटं हुईल. तुम्ही मला कामाचा माणूस समजून न्यायच्या, आणि मी मनात भलतंच घेऊन विमानात बसायचं. ते मला पटंना. आणि खरं सांगावं, तर दोन वर्षांची एवढी मोठी नोकरी तुमच्या पुढ्यात. माझ्या सांगण्यानं तुमचा पाय अडकला असता तर?"

"भलतंच म्हणजे काय?"

"मॅडम…"

"भलतंच म्हणजे काय, रणधीर? मी बाजूला नाही बसलेली आज. समोर आहे."

त्यानं मान वर केली. आणि या वेळी नजर कुठंही न वळवता, अगदी हळू म्हणाला, "तुम्ही मला आवडता. त्या बसमधनं उतरल्यापासनं. ओढणी मागितली तेव्हा तोंड बघितलं न्हवतं, पण आवाज ऐकला होता."

शिवप्रियानं फोटो त्याच्या हातात परत ठेवला.

"मग शेळ्यांचं नाव सांगून येऊ नका," ती म्हणाली. "माझं नाव घेऊन या."

त्याला कळायला दोन क्षण लागले. कळलं तेव्हा तो कानापर्यंत लाल झाला, आणि पांढऱ्या शर्टातला तो फोटोतला माणूस कुठल्या कुठं गेला.

"आणि दोन वर्षं मी जाणार नाही," ती पुढं म्हणाली. "नाही… तुमच्यासाठी म्हणून नाही. रात्रभर विचार केला मी. मला ऑफिसात बसून माणसं हाकायचीच नाहीत, मला शूट करायला आवडतं. शूट असेल तेव्हा जाईन, महिना-दीड महिना. केनिया, मस्कत, कुठंही. काम झालं की परत. सरांना तसं लिहिणार आहे."

"परत… म्हंजे पुण्याला?"

"ते कुणी विचारलं, तर बघू."

"मी विचारतोय की."

"मग परंड्याला," ती म्हणाली. "कळंबला अण्णांशी, माझ्या वडलांशी, मी बोलते. घरी तुम्ही बोला."

तो हसला. तिनं त्याला असं पूर्ण हसताना पहिल्यांदा पाहिलं. मग तो वळला आणि घराच्या दिशेनं चालू लागला. आता थांबला तर धीर जाईल, अशा चालीनं. ती मागोमाग निघाली आणि उंबऱ्याशी थांबली. आत मथुराबाई चुलीपुढं बसून चहा ढवळत होत्या.

"आई," रणधीरनं घसा साफ केला. "मी सहा आठवडं केनियाला चाललोय. शेळ्यांचं…"

"चाळीस वर्षं झाली मी शेळ्या राखतीय. तू कवाधरनं मला शिकवाया लागलास? जा की."

"आणि आल्यावर… ह्यांना घरी आणायचं म्हणतोय."

मथुराबाईंनी मान वळवून दाराकडं पाहिलं. शिवप्रियानं चपला काढाव्यात की नाही, ते न कळून एक पाय दुसऱ्यावर ठेवला.

"आल्यावर कशाला?" मथुराबाई म्हणाल्या. "दारात उभीच हाय की ती. आत ये गं पोरी, चहा उतू चाललाय."