ऐंशी नंबरचं दार

२०१२ सालचा मे महिना. चोवीस तारखेला आमच्या बल्गेरियात अक्षरांचा सण असतो. त्या सकाळी वाचनगृहात नोकरी करणारा ओग्न्यान धापा टाकत रुसिनोव्हाबाईंच्या अंगणात शिरला. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून बाई खासगी तपास करायच्या. शेजारचे गांचो, जुने टपालगाडीचे ड्रायव्हर, कायम त्यांच्यासोबत.

"बाई, वाचनगृहाचा इंटरनेटवर गाणी ऐकवणारा सर्व्हर बंद पडलाय! बाराला राजधानीतून, सोफियाहून पाहुणे येतायत. दिमोसाहेब म्हणतात, मीच मुद्दाम पाडला. बारापर्यंत सुरू झाला नाही तर नोकरी जाणार, वर पोलिसांत तक्रार."

"तुझ्यावरच संशय का?"

"मला प्लोव्दिव शहरातून नोकरीचं पत्र आलंय. पत्र आलं त्याच दिवशी त्यांनी माझ्याकडून सर्व्हरचा मालकाचा, म्हणजे सगळे हक्क देणारा, पासवर्ड बदलून घेतला. आठवडा झाला, आता तो त्यांनाच ठाऊक. बाई, दोनशे म्हाताऱ्यांची गाणी मी दारोदार फिरून गोळा केलीत. मी ती बंद पाडेन?"

बाईंनी शाल उचलली.

सर्व्हरची खोली उंबऱ्यालगतच होती. जमिनीवर एक लाकडी फळी, तिच्यावर करडी पेटी. पडद्यावर एकच ओळ: ऐंशी नंबरचं पोर्ट उघडण्याची परवानगी नाही.

"म्हणजे काय हो?" गांचोंनी विचारलं.

"पोर्ट म्हणजे यंत्राची नंबर घातलेली दारं. बघणारे आपोआप ऐंशीवर येतात. पण एक हजार चोवीसच्या आतलं दार उघडायला मालकाची परवानगी लागते." बाई ओग्न्यानकडे वळल्या. "आठ हजार ऐंशीवर चालवून बघ."

गाणं लगेच वाजलं.

"मग पाहुण्यांना तोच नंबर सांगा की!"

"निमंत्रणावर जुना पत्ता छापलाय, गांचोकाका," ओग्न्यान म्हणाला.

"मग दुसऱ्या प्रोग्रामनं दार अडवलं असेल," गांचोंनी तर्क लढवला.

"तर 'दार आधीच वापरात आहे' असं आलं असतं," बाई म्हणाल्या. "आणि बाहेरच्या संरक्षक भिंतीनं, फायरवॉलनं अडवलं असतं, तर प्रोग्राम चालू झाला असता, पाहुणे तेवढे आत आले नसते. इथे परवानगीच गेलीय." त्या वाकल्या. फळी एका बाजूनं फुगली होती. तिच्याखाली जिरेनियमचं ओलसर पान चिकटलं होतं. त्यांनी ते रुमालात गुंडाळलं.

वाचनगृहाचे प्रमुख दिमो दारातच उभे होते. "प्रोग्रामची फाईल तपासून काही मिळायचं नाही, बाई. कालच संध्याकाळी मी ती बाइट न् बाइट जुळवून पाहिलीय. तीच आहे. हा पोरगा काहीतरी लपवतोय."

"काल पूर्ण दिवस मी डोंगरावर गाणं रेकॉर्ड करत होतो!" ओग्न्यान ओरडला.

"यंत्राला कोणी हात लावला, दिमो?"

"कोणी नाही."

झाडलोट करणारी स्तोयना आजी जिन्यावर बसून सूर्यफुलाच्या बिया फोडत होती.

"आजी, काल उंबऱ्यावर पाणी ओतलंत?"

"ओतलं की! परीक्षेला निघालेल्या लेकरापुढे ओततो ना आपण, काम पाण्यासारखं सरळ वाहावं म्हणून. या पेटीचीही परीक्षाच आज. तांब्यात जिरेनियमसुद्धा घातलं होतं. का गं, कमी पडलं?"

"नाही, आजी. जरा जास्तच झालं."

साडेअकराला बाईंनी सगळ्यांना त्या खोलीत बोलावलं.

"ओग्न्यान, या प्रोग्रामला तू ऐंशीचं दार कसं उघडून दिलं होतंस?"

"सगळा प्रोग्राम मालकाच्या हक्कानं चालवणं धोक्याचं. म्हणून तेवढी एक परवानगी त्या फाईललाच दिली होती."

"ती परवानगी आता नाही. मुद्दाम काढायची तर मालकाचा पासवर्ड हवा, आणि तो आठवडाभर दिमोंकडेच आहे. म्हणजे ओग्न्याननं काढली नाही."

"मीही नाही काढली!" दिमो म्हणाले.

"मुद्दाम नाही. सर्व्हर बंद आहे हे आज सकाळी कळलं. मग तुम्ही काल संध्याकाळीच फाईल का जुळवलीत? आणि जुळवायला दुसरी प्रत कुठून आली?"

दिमोंनी कमरेला अडकवलेला किल्ल्यांचा जुडगा घट्ट धरला. त्याला पेनड्राइव्ह लटकत होता.

"पाणी फळीपर्यंत आलं. तुम्ही घाबरून फोल्डर त्या पेनड्राइव्हवर हलवलंत, पेटी वाळवली, संध्याकाळी फोल्डर परत ठेवलंत आणि जुळवून पाहिलंत. मजकूर शाबूत राहिला. पण परवानगी मजकुरात नसते, ती टपालाच्या शिक्क्यासारखी पाकिटावर असते. पेनड्राइव्हवर ती टिकत नाही."

"पत्र तेच, पाकीट नवं!" गांचो पहिल्यांदाच जोरात म्हणाले.

दिमो खुर्चीत बसले. "पेटी भिजली हे वर कळलं असतं तर आजींना काढून टाकलं असतं. आणि फाईल तर तीच होती... म्हणून मला खरंच वाटलं, यानंच काहीतरी केलंय."

"आजींना वाचवलंत आणि याला बुडवायला निघालात. पासवर्ड टाका."

दिमोंनी पासवर्ड टाकला. ओग्न्याननं एकच ओळ लिहिली, फाईलला परवानगी परत दिली आणि प्रोग्राम पुन्हा चालू केला. बाराला सात मिनिटं होती. ऐंशी नंबरचं दार उघडलं.

"माफ कर रे," दिमो म्हणाले. पाहुण्यांसमोरही त्यांनी तेच सांगितलं, काही न लपवता.

दिमो पुढच्या वर्षी निवृत्त झाले आणि मधमाश्या पाळू लागले. गांचो मरेपर्यंत ही गोष्ट सांगत राहिले. त्यांच्या सांगण्यात पाकिटाचा शोध त्यांनीच लावलेला असे. रुसिनोव्हाबाई आता मुलीकडे वार्नात असतात. ओग्न्यान प्लोव्दिवला गेलाच नाही. पेटी मात्र त्यानं त्याच आठवड्यात उंच कपाटावर चढवली.

स्तोयना आजी २०१७ मध्ये गेली. तोवर दर चोवीस मेला ती पाणी ओतायची, पण बाहेरच्या पायरीवर. सर्व्हरच्या त्या जुन्या पत्त्यावर आजही गेलं की पहिलं गाणं लागतं ते तिच्याच आवाजातलं.