दिवा किती उंच चढवायचा

नाही. एवढाच राहू दे. तो दुसरा बांबू सोड आणि खाली ठेव, तेक.

शेजारच्या गावाचा दिवा आपल्यापेक्षा उंच आहे हे मलाही दिसतंय, डोळे अजून शाबूत आहेत माझे. त्यांची हौस त्यांना लखलाभ. आपला दिवा देवळाच्या कौलांच्या वर जात नाही, आणि का जात नाही ते तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही, म्हणून गेल्या वर्षीपासून माझं डोकं खाताय. बसा इथे धक्क्यावर. चहा ओता. मोबाइल खिशात घाला. खिमसेंग घरी गेलाय तोवर सांगतो. तो आला की विषय बंद.

"काका, भुताची गोष्ट का?"

"आजच्या रात्री तो शब्द काढायचा नाही. भले भाऊ म्हणायचं. आणि गोष्ट कसली? झालेलं सांगतोय."

दोन वर्षांपूर्वीची, आपल्या पंचांगातल्या सातव्या महिन्यातली हीच एकविसावी रात्र. वाट चुकलेल्यांना, ज्यांच्या नावाने कुणी उदबत्ती लावत नाही त्यांना, जेवायला बोलवायची रात्र. देवीपुढे कौल लावला तर दिव्याच्या राखणीचा मान खिमसेंगच्या घराकडे गेला. काम काही अवघड नाही. अंधार पडला की दिवा वर चढवायचा, खाली टेबल मांडायचं, पाहुण्यांना तोंड धुवायला पाण्याची परात आणि नवा पंचा ठेवायचा. मग टेबलाकडे पाठ करून बसायचं. कुणाला काही विचारायचं नाही. मेणबत्ती संपली की बदलायची. बस्स.

पण त्याच्या घरात ते वर्ष फार वाईट चाललं होतं. त्याचा पोरगा योंगहोक तुम्हाला आठवत असेल, तुम्हाला पोहायला शिकवायचा तो. पश्चिमेच्या समुद्रात मोठ्या बोटीवर मासेमारीला गेला होता. एके दिवशी फोन आला, पोरगा रात्री बोटीवरून पडला, सापडला नाही. एवढंच. ना अंग, ना कपडा.

असा कुणी गेला तर आपल्याकडे काय करतात, तुम्ही पाहिलंय. त्याचा शर्ट बांबूला बांधायचा, पाण्याकडे तोंड करून नाव घेऊन घरी बोलवायचं, म्हणजे जीव भटकत नाही. पण त्याची आई, बीलुआन वहिनी, ऐकेचनात. "पडला म्हणतात. पाहिला कुणी? शर्ट धुऊन ठेवलाय मी. आल्यावर घालेल." रोज रात्री त्याचा वाडगा मांडायच्या आणि झाकून ठेवायच्या. खिमसेंग मला म्हणायचा, "मेला तर मेला, जिवंत तर जिवंत, एक काय ते कळू दे रे. तिचा तो झाकलेला वाडगा मला बघवत नाही." त्या घरात दोघं माणसं होती, पण दोघंही एकेकटी.

तर त्या संध्याकाळी मी मेणबत्त्या द्यायला इथे आलो. बघतो तर खिमसेंगने दिव्याच्या बांबूला आपल्या होडीचा बांबू जोडलेला. वर त्याला आणखी एक.

"आ-सेंग, अरे काय हे? विजेच्या तारांना लागेल."

"लागू दे."

"जितका उंच दिवा तितक्या लांबचे येतात. शुद्धीवर आहेस ना? जेवण पुरणार आहे का तुझं?"

"लांबचाच हवाय मला," तो म्हणाला.

मेणबत्त्या ठेवल्या आणि घरी गेलो.

आता पुढचं खिमसेंगने मला पहाटे सांगितलं, तसंच्या तसं सांगतो. मध्ये बोलू नका.

ओहोटी होती. चिखल पार लांबपर्यंत उघडा पडला होता. तो टेबलाकडे पाठ करून या पायरीवर बसला होता, तुझ्या डावीकडची, हो, तीच. बराच वेळ काही नाही. वाऱ्याने दिव्याचा दोर बांबूवर आपटत होता. मग तो आवाज थांबला.

वारा चालू होता. दोर मात्र हलेना.

मग मागे परातीत पाणी वाजलं.

कुणीतरी तोंड धूत होतं. हळूहळू. खूप दिवसांनी पाणी मिळाल्यासारखं.

त्याला वाटलं, योंगहोक.

तो वळला. वळायचं नसतं... पण बाप होता, वळला.

पोरगा नव्हता. उंच, वाळलेला माणूस. दाढी. गुडघ्यापर्यंत चिखल. अंगरख्याचा रंग कळेना. पंचा तोंडावर धरून उभा.

"पाणी गोड आहे," तो माणूस म्हणाला. बोली आपलीच, पण जुनी. खिमसेंगची पणजी बोलायची तशी.

"जेवा ना," खिमसेंग कसाबसा म्हणाला.

त्याने टेबल पाहिलं. मधोमध डुकराचं मांस होतं, नेहमीसारखं. त्याने मान हलवली. "पाणी पुरे."

आणि खिमसेंगने विचारू नये ते विचारलं. "कुठून आलात?"

"हुर्मुझहून." मग जरा थांबून, "म्हणजे... पोचतच होतो तिथे."

थांब, तेक, मान हलवू नकोस. तुझ्या पुस्तकात असेल ते असेल, मी आजोबांकडून ऐकलेलं सांगतो. ही खाडी गाळाने भरायच्या आधी हुर्मुझची, म्हणजे पार पश्चिमेच्या इराणकडची जहाजं इथे यायची. मिरी आणि धूप आणायची, चिनीमातीची भांडी आणि रेशीम न्यायची. एका वाऱ्याने यायचं, तो वारा फिरेपर्यंत इथेच राहायचं. कुणी इथलीच बायको करायचा, कुणी तापाने जायचा. आणि जो परत निघे, त्याच्याजवळ सगळे आपापले निरोप देत, ओळख असो वा नसो. आईला सांग, भावाला सांग. दुसऱ्याचा निरोप पोचवल्याशिवाय त्या माणसाने आपल्या घराचा उंबरा ओलांडायचा नाही, अशी त्यांची रीत होती. आपल्या गावाचं नाव तिकडच्या आयांना ठाऊक झालं ते अशा माणसांमुळे. टेकडीवर वाकड्यातिकड्या अक्षरांचा एकच दगड आहे ना, तो त्यांच्यातल्याच कुणाच्यातरी कबरीचा. तो झाडायला कुणी नाही. बीलुआन वहिनी लग्न होऊन आल्यापासून दर वर्षी पितरांच्या कबरी झाडायला जातात, तेव्हा येता येता तोही पुसतात. का, विचारलं तर म्हणतात, "वाटेतच तर आहे."

हं. तर तो माणूस...

"कधीचा चाललोय, आठवत नाही," तो म्हणाला. "गावची विहीर दिसली होती. कट्ट्यावर कुणीतरी बसलं होतं. आई असेल... नसेल. तेवढ्यात मागे दिवा दिसला. इतका उंच. वाटलं, माझ्यासाठीच लावलाय. कुणी बोलावतंय म्हटल्यावर..."



खिमसेंग मला म्हणाला, मेल्याहून मेल्यासारखं झालं रे मला. स्वतःच्या पोराला बोलवायला गेलो आणि दुसऱ्या कुणाच्या तरी पोराला दारातून मागे ओढलं.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "माझ्या मुलासाठी लावला होता. तिकडेच... कुठेतरी..."

"कळलं ते. वळलो, तेव्हाच कळलं."

"दिसला का?"

त्या माणसाने पंचाने दाढी टिपली.

"वाटेत... दिसला का?"

त्या माणसाने पश्चिमेकडे पाहिलं.

"तिकडच्या किनाऱ्यावर माणसं चांगली आहेत," तो म्हणाला.

मग पंचा नीट घडी करून टेबलावर ठेवला.

"तुझ्या घरची बाई माझा दगड पुसते. तिला सांग..."

काय सांग, ते राहिलंच.

"आता परत जाल?" खिमसेंगने विचारलं.

"वारा फिरला की."

तो पायऱ्या उतरला. चिखलात गेला. पायाचा आवाज नाही. चिखलात... आवाज नाही.

वर मेणबत्ती विझली.

पहाटे मी दिवा उतरवायला आलो तेव्हा खिमसेंग परात मांडीवर घेऊन बसला होता. जवळ जाऊन पाहिलं. परातीत पाण्याच्या तळाशी लाल कापडाची चिमुकली पिशवी होती. समुद्रावर जाणाऱ्या पोरांच्या गळ्यात असते ती, देवीपुढच्या उदबत्तीची राख घालून शिवलेली. योंगहोक निघाला तेव्हा बीलुआन वहिनींनी माझ्यासमोर ती त्याच्या गळ्यात बांधली होती.

वहिनी आल्या. पिशवी हातात घेतली, ओलीच गालाला लावली. एक बाजू उसवली. आत राख नव्हती. जाडसर तांबडी वाळू होती. आपल्याकडे असली वाळू आहे कुठे? इथे सगळा काळा चिखल.

वहिनी त्या वाळूकडे बघत राहिल्या. "पुरलं त्याला," त्या म्हणाल्या. "टाकून नाही दिलं. पुरलं कुणीतरी." आणि मग एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने रडल्या. आम्ही दोघं म्हातारेही रडलो, लाज कसली त्यात? त्याच दिवशी त्यांनी तो धुतलेला शर्ट आपल्या हाताने बांबूला बांधला आणि पाण्याशी उभं राहून पोराला हाक मारली. तेव्हापासून वाडगा मांडत नाहीत.

तेव्हापासून आपला दिवाही बुटका. जवळपासचे आहेत त्यांना दिसला, पुरे. आज या वेळी कुणी आपल्या विहिरीपाशी पोचत असेल. त्याला मागे वळायला लावू नका.

"काका," तेकने अगदी हळू विचारलं, "पिशवी आहे अजून?"

आहे. देव्हाऱ्यात आहे. मी हातात घेऊन पाहिलीय.

वहिनींनी ती लाल दोऱ्याने शिवली होती. परातीतून निघाली तेव्हा तिचं तोंड निळ्या दोऱ्याने शिवलेलं होतं. बारीक, दाट टाके. उसवली ती बाजू सोडली तर बाकीचे अजून तसेच आहेत. वहिनींचा जन्म शिवण्यात गेला. त्यांनी ते गावातल्या एकूण एक बायकांना दाखवले. असा टाका आपल्याकडे कुणी घालत नाही.

वहिनी एवढंच म्हणतात... हा हात तिकडच्या कुठल्यातरी आईचा आहे.