सफरचंदाचा शिक्का

लहान मुलांची स्टुलं दीड वीत उंच असतात.

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली तर उड्या मारू नयेत. घंटा दाबावी आणि थांबावं.

योउश्यांग म्हणजे तळहाताहून मोठी, जाड पुरी. ती दातांनी तोडत नाहीत. हाताने मोडतात आणि अर्धी शेजारच्याला देतात.

अरबीत दोन स आहेत, एक हलका, एक जड. जड स म्हणताना तोंड आतून भरल्यासारखं वाटतं.

चुंगली शहरात जानेवारीचा पाऊस पडत नाही. तो नुसता हवेत असतो.

चव्वेचाळीस नंबरचे बूट.

पहिला शनिवार

हे बूट मशिदीच्या दुसऱ्या मजल्यावर, मुलांच्या मांडणीत, सोळा इवल्या जोड्यांच्या मधोमध ठेवलेले होते. शा यूनचीने आधी बूट पाहिले, मग दारातला माणूस. त्याच्या एका हातात पाना होता, दुसऱ्या हातात सहा वर्षांची निंगनिंग.

यूनची आठवडाभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते आणि शनिवारी सकाळी इथे मुलांना अरबी आणि कुराण शिकवते. तिचा आवाज मोठा नाही. मोठा करावा लागत नाही.

"पालकांनी खाली थांबायचं," ती म्हणाली. "आत फक्त शिकणारे."

"मी पालक नाही. काका आहे."

"काकांनीसुद्धा."

"खाली गारठा आहे हो."

"खाली चहाचं मशीन आहे."

"बंद पडलंय."

"मग दुरुस्त करा. पाना आहेच की हातात."

"मी लिफ्टवाला. चहा माझ्याकडे येत नाही." त्याने तिच्याकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं, परत तिच्याकडे. "बरं... मग मी शिकणारा."

"काय शिकायचंय?"

"फातिहा. लग्नात इमाम म्हणायला लावतात ना... नवऱ्यामुलाला."

मुलं खिदळली. यूनची हसली नाही. तिने शेवटच्या स्टुलाकडे बोट दाखवलं.

लग्न. म्हणजे ठरलेलं असणार. ती ते धरून चालली, विचारलं नाही. दुकानात ती प्रत्येक गोष्ट दोनदा विचारते.

त्याचं नाव मिंग काइयुआन.

दुसरा

"काका, पाय आत घे. लोक अडखळतात."

"आत कुठे घेऊ? गुडघे कानाला लागलेत."

"बाई, काका बोलतोय!"

"ज्याला बोलायचंय त्याने पहिली ओळ बोलावी," बाई म्हणाल्या.

त्याने म्हटली. अडखळत, एका जागी खोकत. कार्डावर पहिल्या चौकोनात लाल सफरचंद उमटलं.

पद्धत अशी. फातिहाच्या, म्हणजे कुराणातल्या पहिल्या अध्यायाच्या, ओळी सात. ओळ नीट आली की कार्डावर सफरचंदाचा शिक्का. सात सफरचंदं झाली की घरून योउश्यांग येतात, वर्ग मिळून खातो, आणि मूल वरच्या मजल्यावर इमामांकडे जातं. मोठ्या माणसाला वरचा मजला नाही. तो घरी जातो. या माणसाच्या बाबतीत, लग्नाला जातो.

चौथा

"जीभ मागून उचला."

"मागून म्हणजे कुठून?"

"जिथून तुम्ही उलट उत्तरं देता, तिथून."

"एकदा करून दाखवाल?"

तिने करून दाखवलं. तो तिच्या ओठांकडे पाहत राहिला... शिकणारा पाहतो तसंच, म्हटलं तर. तिने फळा पुसायला घेतला. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

पाचवा

सहावी ओळ. आम्हाला सरळ वाट दाखव, असा तिचा अर्थ.

काइयुआनने ती म्हटली. स जड होता. मुलांपैकी कुणाचा आला नव्हता इतका जड, गोल, भरलेला. यूनचीच्या हातात शिक्का होता, शिक्क्यावर ओली शाई होती. आता एक, मग एक, मग योउश्यांग, मग मांडणीत फक्त इवल्या जोड्या.

"अजून हलका आहे," ती म्हणाली.

सहावा

"हलका."

सातवा

"थोडासा हलका."

"किती थोडासा?"

"इतका." तिने चिमटीत अंतर धरलं. त्याने वाकून त्या अंतरातून तिच्याकडे पाहिलं.

"दिसतंय का?" तिने विचारलं. सवयीने.

"स्पष्ट."

त्या दिवशी खालचं चहाचं मशीन चालू झालेलं होतं. कुणी केलं, कुणी सांगितलं नाही.

आठवा

"पुढच्या शनिवारी," ती म्हणाली.

"पुढच्या शनिवारी," तो म्हणाला. लग्नाची घाई असलेल्या माणसासारखा तो दिसत नव्हता. हे तिच्या लक्षात आलं. तिने ते बाजूला ठेवलं.

नववा

"अजून जरा—"

"बाई!" निंगनिंग उभी राहिली. तिचं तोंड लाल झालं होतं. "काका बरोबर म्हणतो! मागच्या वेळीपण बरोबर म्हटलं. त्याच्या मागच्या वेळीपण. माझा स त्याच्याहून हलका होता, तरी मला सफरचंद दिलंत!"

"निंगनिंग, खाली बस," काका म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज घाबरल्यासारखा आला.

सोळा मुलं बाईंकडे पाहत होती. याच मुलांना बाईंनी सांगितलं होतं, या पुस्तकासमोर बसून खोटं बोलायचं नाही, एवढंसुद्धा नाही. तेव्हाही चिमटीत अंतर धरून दाखवलं होतं.

यूनचीने शिक्का खाली ठेवला.

"निंगनिंग बरोबर सांगते आहे. मिंग साहेबांची ओळ चार आठवड्यांपूर्वीच आली होती. मी मुद्दाम चूक काढत होते. ते माझं चुकलं."

"का पण, बाई?"

 बाहेर हवेत पाऊस होता.

"शिक्का दिला की माणूस जातो," यूनची म्हणाली. "म्हणून."

मग शिक्का उचलून तिने सहाव्या चौकोनात सफरचंद उठवलं. थोडं तिरकं उठलं.

वर्ग सुटल्यावर तो बूट घालत होता. ती मांडणीपाशी उभी होती, हात मागे बांधून.

"माझ्यामुळे लग्नाला उशीर झाला असेल, तर... माफ करा."

"कुणाच्या लग्नाला?"

"तुमच्या."

"काकाचं लग्न?" निंगनिंगने एका पायावर उभं राहून विचारलं. "कुणाशी?"

"तिला अजून विचारलं नाही," काइयुआन नाडी बांधत म्हणाला. ती नाडी त्याने आधीच बांधली होती. "म्हटलं, आधी पाठ होऊ दे."

दहावा

सातवी ओळ सगळ्यात लांब. मुलांना तिला महिना लागतो. त्याने एका दमात म्हटली. यूनचीला आश्चर्य वाटलं, पण या वेळी तिने काही न बोलता शिक्का दिला.

अकरावा

डबा उघडला तशी तेलाची आणि साखरेची ऊब वर्गभर झाली.

"आजीला सांगितलं, काकासाठी योउश्यांग तळ," निंगनिंग सांगत होती, "तर आजी म्हणाली, परत?"

आजीला तळणाचा कंटाळा असेल, यूनचीला वाटलं.

मुलं जोडीजोडीने मोडून खात होती. काइयुआनने एक उचलली, मधोमध मोडली, आणि अर्धी तिच्यापुढे धरली.

"ही शेजारच्याला देतात," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मी तर उभी आहे. फळ्यापाशी."

"तेच विचारतोय..." त्याचे कान लाल झाले होते. "शेजारी बसाल का? म्हणजे... आजच्यापुरतं नाही."

यूनचीने त्या अर्ध्या पुरीकडे पाहिलं. वाफ अजून होती.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली. "मी दोनदा विचारते."

"शेजारी बसाल का?"

"स्टुलं फार लहान आहेत," ती म्हणाली. एक ओढून घेतलं, त्याच्या शेजारी बसली, आणि हात पुढे केला. "नीट अर्धी दे हं. मोठी अर्धी स्वतःला ठेवलीस, दिसतंय मला."

काइयुआन सात वर्षांचा असताना, बर्मातल्या तांग्यान गावात, त्याची फातिहा पूर्ण झाली म्हणून त्याच्या आईने चाळीस योउश्यांग तळल्या होत्या.