करडईतले काळे-केशरी किडे

"धर, धर! पळाला बघ!" गोरक्ष ओरडला. करडईच्या काट्यांची पर्वा न करता चांगुणानं तो काळा-केशरी किडा चिमटीत पकडला.

सोनई गावच्या शाळेला नाताळची सुट्टी लागली आणि आप्पासाहेबांनी या पुतण्या-पुतणीला कामाला जुंपलं. "किडे येचा अन् रॉकेलात टाका! करडई गेली तर आवंदाबी फोडणीला तेल न्हाई!" गेल्या साली दुष्काळात बिनतेलाचं कालवण चांगुणानं गिळलं होतं. पुन्हा ते नको, म्हणून ती जिवाच्या आकांतानं वेचत होती. मास्तरांची लीनाही मदतीला होती.

चांगुणा एकदम थबकली. "आपुन येचलेल्या वळी माव्यानं चिकट झाल्यात! अन् न येचलेल्या हिरव्यागार! आसं कसं?"

"मावा म्हंजी रोग. आभाळ आलं की पडतो," गोरक्षनं अक्कल पाजळली. "किडा येगळा!"

लीनानं धावत जाऊन वडिलांचं भिंग आणलं. चांगुणानं माव्यावर धरलं आणि किंचाळलीच!

"अगं बया! ह्या रोगाला पाय हायेत! चार... सहा! अन् सोंड खुपसून रस पितोय!"

"सहा पाय म्हणजे हा रोग नव्हे, कीटकच!" लीना नाचायला लागली. "आणि तो काळा-केशरी किडा बघ, माव्याचाच फराळ करतोय!"

चांगुणानं रॉकेलच्या डब्यात डोकावून पाहिलं. दोन दिवस त्यांनी आपले राखणदारच मारले होते!

इतक्यात आप्पा बांधावर आले. "ऱ्हाऊ द्या. उद्या पावडर मारतो, समदंच मरंल!"

"नको आप्पा! तीन दिवस द्या, डबे भरभरून येचतो!" चांगुणा काकुळतीला आली. आप्पांनी मान डोलावली.

मग काय! तिघांनी हिरव्या ओळींतले किडे बिनरॉकेलच्या डब्यात भरायचे आणि चिकट ओळींत सोडायचे! भरलेले डबे बघून आप्पा खूश!

चौथ्या दिवशी चिकट ओळी स्वच्छ! आप्पा चकित झाले. तेव्हा चांगुणानं सगळं कबूल केलं आणि भिंग पुढं केलं. एका पानावर त्या किड्यांपैकी एकाच्या कोशातून लाल ठिपकेदार भुंगा बाहेर पडला होता.

आप्पा बराच वेळ वाकून बघत राहिले. "अन् ह्यो कोळी? किडाच ना?"

"आठ पाय, काका! तो कीटक नाही," लीना म्हणाली.

आप्पा मोठ्यानं हसले. "शाब्बास पोरांनो! निम्मी हयात ह्या रानात गेली माझी, पन ज्यानं पीक राखलं त्यालाच मी रॉकेल पाजत हुतो!"

त्यांनी गुडघे टेकले आणि पुढच्या झाडावर भिंग धरलं. चांगुणा निर्धास्त झाली, तेव्हा काट्यांनी ओरबाडलेले हात तिला आता कुठे चुरचुरायला लागले.