रिकामे रिंगण

रविवारच्या फेरीत आल्विन ट्रेलोर नेहमी सर्वांत मागे चाले. निसर्ग मंडळातल्या नव्या सभासदांना वाटे, सत्तरी उलटल्यामुळे त्याचे पाय थकले असावेत. वस्तुतः मागे राहणे हे त्याचे काम होते. गावाबाहेरच्या त्या रानात, काळ्या, खोल भेगांच्या सालीच्या निलगिरींखाली, सप्टेंबर लागला की, म्हणजे तिकडच्या वसंतात, रानटी आमऱ्या उमलत. फुलवाल्याकडच्या दिमाखदार ऑर्किडच्या या गरीब बहिणी. बोटभर उंचीच्या, पाचोळ्यात मिसळून जाणाऱ्या, बुटाखाली गेल्या तरी चालणाऱ्याला पत्ता लागू नये अशा. म्हणून मंडळाचा एक दंडक होता. ज्याला फूल दिसेल त्याने त्याच्याभोवती काटक्यांचे रिंगण मांडायचे आणि मागून येणाऱ्यांनी त्याला वळसा घालायचा. फूल सुकून बी झडले की शेवटच्या माणसाने ते रिंगण मोडायचे. मोडण्याचे हे काम आल्विनचे. जन्मभर जमीन मोजण्यात गेलेल्या या माणसाला चुकीची खूण सोसत नसे.

“रिकामं रिंगण म्हणजे खोटी साक्ष,” तो म्हणे.

“आणि तू आमचा न्यायाधीश,” पुढून नोरीन किट्टो ओरडे. “चल लवकर, चहा निवतोय.” नोरीन फेरीची पुढारी होती. इस्पितळात परिचारिका म्हणून नोकरी झाल्यामुळे कोणालाही हाकलत नेणे तिला सहज जमे.

त्या वर्षी मात्र फेरीच्या मागे एक काळजी होती. रानाचा उत्तरेचा कोपरा तोडून वणव्याच्या बंबांसाठी रुंद रस्ता काढायचे नगरपालिकेने ठरवले होते. त्या कोपऱ्यात पूर्वी कोळी-आमरी उमलत असे. पाकळ्या कोळ्याच्या तंगड्यांसारख्या लांब आणि लालसर. ती अजून तिथे असल्याचे दोन साक्षीदारांनी छायाचित्रासह दाखवले, तर रस्ता वळवू, असे आश्वासन मिळाले होते. मुदत वसंत संपेपर्यंत. पण तिला शेवटचे पाहिले ते मर्ल पास्कोने, आणि मर्ल दोन हिवाळ्यांपूर्वी वारली होती.

मर्ल आणि आल्विन उभे आयुष्य भांडत भांडत या रानातून हिंडले होते. तिच्या रिंगणाची एक खोड होती. एक लांब काडी साल सोलून ती पांढरी करी आणि बाहेरून आत, फुलावर रोखून ठेवी. या बाजूने पोटावर पालथे व्हा, म्हणजे फूल नीट दिसेल, असा त्याचा अर्थ. “कुठे लोळायचं तेही आता बाई सांगणार,” असे कुरकुरत आल्विन नेमका त्याच बाजूने पालथा होई.

वसंतातल्या पहिल्याच फेरीत वाटेच्या कडेला त्याला एक रिंगण आढळले. आत काहीच नव्हते. ना पान, ना देठ, ना मागल्या वर्षीचे वाळके बोंड. बाहेरून एक पांढरी काडी आत रोखलेली होती.

“कोणीतरी मर्लची नक्कल केलीय,” तो म्हणाला आणि काटक्या गोळा करू लागला.

“राहू दे की. तुझं काय खातंय?”

“उद्या रानभर रिकामी रिंगणं झाली, तर खऱ्या रिंगणाला कोण विचारील?”

नोरीनने खांदे उडवले. काडी फेकताना आल्विनच्या बोटांना ओल लागली. साल नुकतीच सोललेली होती. निलगिरीचा तिखट वास घरी जाईपर्यंत बोटांना राहिला.

पुढच्या रविवारी त्याच जागी बिबट्या-आमरीचा एक कोवळा देठ चिरडून पडलेला होता. त्याच्या टोकाची पिवळी कळी, तपकिरी ठिपक्यांसकट, मातीत दाबली गेली होती. वरचा ठसा आल्विनच्या बुटाचा होता, आत्ताच उमटलेला. वळसा घालायला सांगणारे रिंगण त्याने स्वतःच मोडले होते.

तो उकिडवा बसला आणि बोटाने कळीवरची माती झाडू लागला.

“तू काही मुद्दाम केलं नाहीस,” नोरीन म्हणाली.

“मुद्दाम केलं असतं तर निदान वाद तरी घालता आला असता.”

तेव्हापासून रिकाम्या रिंगणाला त्याने हात लावला नाही. ती मिळतही गेली. कधी वॉटलच्या झुडपाखाली, कधी मुंग्यांच्या वारुळाशेजारी, आणि प्रत्येकात आत रोखलेली एक पांढरी काडी. डोळ्यांना भिंग लावून आल्विन आतली माती न्याहाळी. पुष्कळदा तीत केसाएवढी चीर दिसे. जमिनीखालून काही वर यायचे असले की आदल्या दिवशी माती अशी उकलते, हे त्याला ठाऊक होते; परंतु चीर पडण्याआधी ती जागा कोणाला कशी कळावी, हे ठाऊक नव्हते. पुढल्या फेरीपर्यंत तिथे फूल असे.

“मंडळातलंच कोणीतरी चेष्टा करतंय,” एकदा चहाच्या वेळी तो म्हणाला.

“मंडळातलं?” नोरीनने थर्मासचे झाकण पुसले. “वाकल्यावर परत सरळ होता येईल असं आपल्यात उरलंय कोण?”

“मग तूच सांग.”

“मी कशाला सांगू? फुलं दिसतायत. तुझी तब्येतही सुधारलीय. बिस्किट घे.”

हे मात्र खरे होते. मर्ल गेल्यानंतर प्रथमच तो रविवारची वाट पाहू लागला होता. रात्री झोप लागे. सकाळी मॅगपाय पक्षी गळा मोकळा करीत तेव्हा बूट चढवून तो फाटकाशी उभा असे. रिंगणे हळूहळू उत्तरेकडे सरकत आहेत, हे त्याने एका फेरीत हेरले आणि कोणाला सांगितले नाही. मनातल्या मनात त्याने एवढेच म्हटले, ‘येतोय, बाई. घाई करू नकोस.’

मुदतीच्या अखेरच्या रविवारी तो आणि नोरीन इतरांच्या पुढे निघाले. हवेत मधाचा वास होता. साळिंदरासारखी काटेरी एक एकिडना ओंडक्याखाली नाक खुपसून मुंग्या वेचत होती. तिने यांची दखलही घेतली नाही. उत्तरेच्या कोपऱ्यात, रस्त्यासाठी ठोकलेल्या खुंट्यांपासून थोड्याच अंतरावर, रिंगण होते.

ते रिकामे नव्हते.

आल्विन पांढऱ्या काडीच्या बाजूने पोटावर पालथा झाला. उन्हात कोळी-आमरीच्या लांब पाकळ्या वाऱ्याविना किंचित थरथरत होत्या. नोरीनने छायाचित्रे घेतली, रिंगणाची, फुलाची, मागच्या खुंट्यांची, आणि मग पदराने टिपावेत तसे बाहीने डोळे टिपले.

“झालं,” ती म्हणाली. “आता रस्ता दुसरीकडून जाऊ दे. मी सगळ्यांना घेऊन येते. तू उठतोस?”

“पडून राहतो थोडा. इथून छान दिसतंय.”

“म्हातारा सुखावला,” ती म्हणाली आणि वाटेला लागली. तिचा निळा सदरा झाडांमधून दूर जाताना त्याला दिसत राहिला.

त्याने गाल हातावर टेकला. माती उबदार होती. इतके स्वस्थ त्याला कित्येक वर्षांत वाटले नव्हते. क्षणभर डोळा लागला असेल, नसेल.

निलगिरीचा तिखट वास आला.

त्याने डोळे उघडले. पाचोळा वाजला नव्हता. निळा सदरा अजून दूरच होता, पाठमोरा.

तो गुडघ्यांवर आला आणि थांबला.

त्याच्या डोक्यापासून पायांपर्यंत, दोन्ही अंगांनी, काटक्या मांडलेल्या होत्या. टोकाला टोक, नीट भिडवून. तो पालथा पडला होता तेवढ्याच लांबीचे, तेवढ्याच रुंदीचे रिंगण. डोके टेकले होते तिथवर एक सोललेली काडी आत आलेली होती. तिच्यावर रस अजून चकाकत होता.

एकही काटकी हलू नये अशा बेताने त्याने पाय बाहेर टाकला. दंडकच तसा होता.

नोरीन मंडळींना घेऊन आली. कोळी-आमरी पाहून सारे हळू आवाजात बोलू लागले. एकाचा पाय त्या लांबट रिंगणाकडे वळला तशी नोरीनने त्याचा दंड धरला. तिने रिंगण पाहिले, मग आल्विनकडे पाहिले, आणि वॉर्डात बोलावे तशा नेहमीच्या आवाजात म्हणाली, “बाजूने, बाबा. तिथे अजून काहीतरी यायचंय.”

सारे वळसा घालून गेले. शेवटी, रिवाजाप्रमाणे, आल्विन राहिला. तो वाकला आणि त्याने भिंग डोळ्याला लावले.

त्याच्या अंगाने दबलेल्या मातीत, ऐन मध्यभागी, केसाएवढी चीर पडली होती.