मलपृष्ठावरची घरटी

ही १९७१ सालातली गोष्ट. ग्रंथालयामागच्या बाइंडिंगच्या खोलीत बाइंडरची धाकटी लेक खळ ढवळत होती. तेवढ्यात दारात एक लांब टांगांचा तरुण येऊन उभा राहिला. हातात पक्ष्यांवरच्या एका त्रैमासिकाचा बांधीव खंड. ते बंद पडूनही दहा वर्षं झाली होती.

“यातली मलपृष्ठं कुठं गेली?”

“काढली. बांधताना काढतातच. जाहिराती असतात नुसत्या.”

“अनुक्रमणिकेत लिहिलंय, इथल्या तळ्यावरच्या घरट्यांची मोजणी मलपृष्ठावर...” त्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं. “उद्या अकराला सुनावणी आहे. तळ्यावर पक्षी कधी नव्हतेच, म्हणतात. पुरावा नसेल तर तळं बुजवणार. तीन शहरं पालथी घातली, दुसरी प्रत नाही.”

धाकटीचा हात थांबला. गप्प बसलं तर हा निघून जाईल... आणि त्यानं जाऊ नये, असं तिला उगीचच वाटलं.

“मीच फाडली ती. गेल्या उन्हाळ्यात. पण टाकली नाहीत. जाड कागद आम्ही पुठ्ठ्यावर चिकटवतो, वरून कापड.”

“कुठल्या पुस्तकाच्या?”

त्या आठवड्यात एकच मोठं काम होतं – ग्रंथालयाचा दोन खंडांचा नकाशासंग्रह. अण्णांनी, तिच्या वडिलांनी, महिनाभर खपून बांधलेला. तो फाडल्याचं ग्रंथपालांना कळलं, तर काम कायमचं बंद.

तिनं दोन्ही खंड कपाटातून आणले.

“नको,” तो म्हणाला. “तुमच्या पोटावर पाय येईल.”

“मग आलात कशाला? धरा इकडून. आणि मानेवर श्वास सोडू नका, सुरी हलते.”

“सोडत नाहीये. तो मघापासून अडकलाय...”

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पहिल्या पुठ्ठ्यात साबणाची जाहिरात. दुसऱ्यात दंतमंजन. तिसऱ्याला सुरी लावली, तोच दारात अण्णा!

तिनं सुरी खाली ठेवली.

“अण्णा, मी—”

अण्णांनी फाटलेलं कापड पाहिलं, तरुणाला पाहिलं, मग लेकीकडे – जरा जास्तच वेळ.

“कोरडं ओरबाडतेस? चिंध्या होतील. ओलं फडकं ठेव, खळ सुटू दे. आणि हा बगळा कोण?”

फडक्याखालून कागद हळूहळू सुटला. तीनशे बारा घरटी! त्यानं तिचा हात घट्ट धरला. खळीनं बरबटलेला.

“उद्या काहीही होवो... परवा आलो तर चालेल?”

“चालेल कसलं! तीन पुठ्ठे पुन्हा बांधायचेत. या.”

तळं वाचलं, पण निम्मंच. उरलेल्यावर गोदामं उभी राहिली. ग्रंथपालांनी वर्षभर काम दिलं नाही. मग दुसऱ्या बाइंडरची बांधणी सुटायला लागली, तेव्हा स्वतःच दारात आले. अण्णा जावयाला शेवटपर्यंत ‘बगळा’च म्हणत. ते गेले त्याला आता वीस वर्षं झाली, आणि बगळा मागच्या हिवाळ्यात गेला.

धाकटी रोज सकाळी तळ्यावर जाते. पक्ष्यांची नावं तिला कधीच धड पाठ झाली नाहीत; दर वेळी बगळाच ती दुरुस्त करायचा. अजूनही ती मोठ्यांदा चुकीचं नाव घेते – आणि जराशी थांबते.