भयरोधक

शर्वरी सामंत यांना गेल्या सहा वर्षांत एकदाही भीती वाटली नव्हती.

त्यात विशेष काही नव्हतं. देशातल्या प्रत्येक मोठ्या कंपनीच्या प्रमुखाचं तसंच होतं. आपल्या मेंदूत, कानांच्या बरंच आत, बदामाएवढे दोन भाग असतात. धोका दिसला की आधी तेच जागे होतात. छाती धडधडते, पोटात गोळा येतो, ते त्यांच्यामुळे. केसाहून बारीक तार तिथवर नेऊन, विजेच्या मंद स्पंदनांनी त्यांना झोपवून ठेवायचं तंत्र निघालं ते युद्धावरून परतलेल्या, झोपेत किंचाळणाऱ्या सैनिकांसाठी. पण घाबरून माघार घेणारा प्रमुख कुठल्याच गुंतवणूकदाराला नको होता. बघता बघता ‘भयरोधक’ बसवल्याशिवाय ती खुर्ची मिळेनाशी झाली. मासिकं याला धाडसी नेतृत्व म्हणू लागली.

शर्वरीबाईंची कंपनी जहाजांसाठी अमोनियाचं इंधन बनवायची. कारखाना कोकणात, एका खाडीच्या तोंडाशी होता आणि त्याच्या खालच्या अंगाला पालशेवाडी नावाचं कोळ्यांचं गाव.

भयरोधकाची बॅटरी सहा वर्षं टिकते. ती बदलल्यावर जखम भरेपर्यंत यंत्र दोन दिवस बंद ठेवावं लागतं. हे दोन दिवस घरी पडून काढा, असं डॉ. नौशाद मुकादम यांनी बजावलं होतं. शर्वरीबाई कारखान्यावर गेल्या.

तिथे सुरक्षा विभागाचे केळुसकर त्यांना अमोनियाच्या मोठ्या टाकीच्या जिन्यावर घेऊन गेले. “मॅडम, हे मी याआधीही दोनदा सांगितलंय. आतल्या पोलादाला तडे गेलेत आणि ते वाढताहेत. टाकी फुटली तर थंडगार वायू जमिनीलगत पसरेल, उताराने खाली जाईल. गावाला पळायलासुद्धा वेळ मिळणार नाही.”

दोन्ही वेळा शर्वरीबाईंनी हे शांतपणे ऐकलं होतं, धोक्याची शक्यता किती ते विचारलं होतं आणि काम चालू ठेवायला सांगितलं होतं. आज त्यांनी खाली पाहिलं. पालशेवाडीच्या अंगणांत बायका जाळी वाळत घालत होत्या. कठडा धरून शर्वरीबाई खालीच बसल्या.

“बंद करा,” त्या म्हणाल्या. “कारखाना बंद करा. टाकी रिकामी करायला किती वेळ लागेल?”

“जहाज आणून सगळं उतरवायचं म्हणजे उद्या संध्याकाळ होईल.”

तासाभरात संचालक मंडळाचे अध्यक्ष रणदिवे यांचा फोन आला. ते रागावले नव्हते. “भयरोधक बंद असताना घेतलेला निर्णय तो चालू झाल्यावर पुन्हा मंजूर करावा लागतो, हे तुमच्या करारात आहे. उद्या सकाळीच चालू करून घ्या. नाहीतर दुपारी उपप्रमुख सूत्रं हाती घेतील.”

उपप्रमुखांच्या डोक्यातही तीच तार होती.

सकाळी निघण्याआधी शर्वरीबाईंनी केळुसकरांना सांगितलं, “आज मी फोनवर काहीही सांगितलं तरी ऐकू नका. टाकी रिकामी करा.”

डॉक्टरांपुढे बसताच त्या म्हणाल्या, “चालू केलंय असं नुसतं कळवा. प्रत्यक्षात करू नका.”

मुकादमांनी नकारार्थी मान हलवली. “परवाना जाईल माझा. दोन मुली शिकताहेत. मला नाही जमणार, मॅडम. मला भीती वाटते.”

“मलाही वाटतेय. काल रात्रभर वाटत होती. पण तरीही मी कारखाना बंद केलाच ना?”

“भीती वाटत होती म्हणूनच तुम्हाला धाडस करावं लागलं. या यंत्राने धाडस वाढत नाही. त्याची गरजच संपते.”

“चालू झाल्यावर मला कालचं आठवेल?”

“अक्षर न् अक्षर.”

“मग करा चालू. जे मला माहीत आहे, ते मी विसरणार नाही.” खुर्चीचे हात त्यांनी घट्ट धरले होते.

मुकादमांनी कळ दाबली. हळूहळू शर्वरीबाईंची बोटं सैल झाली. त्यांनी पाणी मागितलं, ते प्यायल्या आणि केळुसकरांना फोन लावला.

“जहाज थांबवा. टाकी परत भरून घ्या.”

“मॅडम, तुम्हीच म्हणाला होतात की ऐकू नका.”

“म्हणाले होते. तडे आहेत, ते वाढताहेत, सगळं आठवतंय मला. फक्त काल त्याचा मी उगाच बाऊ केला.” त्यांनी पेला खाली ठेवला. “तुम्ही ऐकणार नसाल तर घरी जा. कामगारांशी मीच बोलते.”

केळुसकर घरी गेले नाहीत. फाटकापाशी उभे राहून ते आत जाणाऱ्या प्रत्येकाला तड्यांबद्दल सांगत राहिले. ते ऐकून पाळीवरचे कामगार फाटकाबाहेरच थांबले. त्यांच्यापैकी कोणाच्याही डोक्यात तार नव्हती.

दुपारी शर्वरीबाईंची गाडी आली. कोणावरही आवाज न चढवता त्या गर्दीतून वाट काढत गेल्या, फाटकासमोरच्याच मोठ्या टाकीचा जिना चढल्या आणि तिला हात टेकून उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर कसलाही ताण नव्हता.

“धोका असता तर मी इथे उभी राहिले असते का?” त्यांनी विचारलं.

कामगारांनी एकमेकांकडे पाहिलं. एक वयस्कर फिटर पुढे झाला. केळुसकरांनी त्याचा दंड धरला. “बाई स्वतः उभ्या आहेत ना साहेब,” असं म्हणत त्याने तो हलकेच सोडवून घेतला. मग सगळेच आत गेले.